निरोपाची फेरी

गेली दोन वर्षं मी दुपारी तीन ते पाच एकच वाक्य बोलत आले आहे. "सरळ सांगा." मशीनला काय हवंय ते सरळ सांगा, आडपडदा ठेवू नका, त्याला मनातलं कळत नाही. हे मी दिवसातून वीसदा तरी म्हणते. घरी पोचते तेव्हा घसा बसलेला असतो आणि कोणाशी बोलावंसं वाटत नाही. नवरा विचारतो, चहा टाकू का, तर मी नुसती मान हलवते.

तीसेक वर्षं मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत शिकवलं. पटावरची मुलं दरवर्षी कमी होत गेली, कारण मराठी माणसंच मुलांना गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत घालू लागली. शेवटी वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त झाली. शाळेतला एकुलता एक संगणक कोणालाच नको होता, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. तेवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर एका संस्थेनं मला गाठलं. सुरतेतच गोडादऱ्यात आमच्या खानदेशी लोकांच्या मंडळाचा हॉल आहे. तिथं शिवणाच्या आणि पार्लरच्या वर्गांच्या जोडीला त्यांना ए.आय.चा वर्ग काढायचा होता. ज्यांना कोडिंगचं क येत नाही अशा लोकांनी फोनवर बोलून स्वतःच्या कामाचं ॲप तयार करायचं, आणि ते त्यांना मी शिकवायचं. मी हो म्हटलं. घरात बसून कंटाळले होते, हे त्याचं खरं कारण.

हॉलच्या भिंतीला लागून लूमचं खातं आहे. इकडे कारखान्याला खातंच म्हणतात. दिवसभर तिकडून खटखट येत असते आणि पंखा लावला की त्यात त्याचीही भर पडते, त्यामुळे शिकवायचं म्हणजे ओरडायचं. वर्गात बहुतेक बायका. घरी बसून साड्यांना खडे चिकटवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या, एक-दोघी डबे देणाऱ्या. एक भाजीवाला येतो, एक रिक्षावाला येतो. भाजीवाल्यानं पहिल्या आठवड्यात ॲप बनवलं तर ते गिऱ्हाइकांना म्हणायला लागलं, "माननीय ग्राहक महोदय, आज वांगी उपलब्ध आहेत." गल्लीतल्या बायका हसून हसून बेजार झाल्या आणि आठवडाभर त्यालाच माननीय म्हणत होत्या. मीही हसले. पण अशी प्रत्येक गंमत अकराव्या तुकडीतही तशीच घडते, तेव्हा हसूही यांत्रिक होतं.

वर्गाच्या सुरुवातीला मी एक खेळ घेते. ज्यानं कधी साडी पाहिली नाही त्याला साडीची घडी कशी घालायची ते तोंडी सांगायचं, हात न हलवता. समोर बसलेल्या बायका दिवसाला शेकड्यांनी साड्यांच्या घड्या घालतात, तरी एकीलाही जमत नाही. "आधी काठ धरायचा... मग असं..." आणि हात हलतातच. मग मी म्हणते, बघा, हाताला येतं ते तोंडाला येत नाही, आणि मशीनला तर तोंडचंच लागतं. हे वाक्य मला फार शहाणपणाचं वाटायचं. संस्थेचे लोक फोटो काढायला येत तेव्हा मी ते मुद्दाम म्हणत असे.

नवव्या तुकडीत आक्का आली.

आक्काला गोडादऱ्यात सगळे आक्काच म्हणतात, तिच्याहून मोठे म्हातारेसुद्धा. वय सत्तरीच्या आसपास. पारोळा आणि अमळनेरकडच्या चार-पाच गावांतली दीडशेवर घरं इकडे लूमवर, मिलमध्ये, रेल्वेत येऊन राहिली आहेत. त्या सगळ्यांचा निरोप्या म्हणजे आक्का. गावी काही बरंवाईट झालं की फोन आक्काला येतो. मग आक्का चप्पल घालून निघते आणि घरोघरी जाऊन सांगते. तिच्या नवऱ्याच्या काळात घराघरांत फोन नव्हते, तेव्हापासून हे चालत आलं होतं. नंतर फोन आले, तरी निरोप आक्काचाच खरा असं लोक मानत राहिले. तिच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. तीत माणसांची नावं कमी आणि खुणाच जास्त. टाकीमागचा. दोन लूमवाला. मुलीच्या लग्नात भांडला तो.

पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती थांबली आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, मना पाय आते चालतस नही. हाई मशीन मना जागे चाली का?"

मी म्हटलं, चालेल की, त्यासाठीच तर आहे ते. कोणी विचारलं की मी हेच म्हणते. पण आक्काच्या तोंडाकडे बघून मला जाणवलं की ही बाई इतर बायकांसारखी हौसेनं आलेली नाही. चालणं थांबलं तर तिचं काम थांबणार होतं, आणि काम थांबलं तर दीडशे घरांत तिला कोण विचारणार होतं? मुलगा-सून वापीला. घरी ती एकटीच. ही फेरी हाच तिचा संसार होता, आणि तो गुडघ्यांवर उभा होता.

आम्ही दोन महिने तिचं ॲप बनवलं. आम्ही म्हणजे आक्का, फोन आणि मी. तिनं वही उघडायची, फोनशी बोलायचं, मी मध्ये बसायचं. ए.आय. विचारी, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" आक्का म्हणे, "टाकीमागचा." ते पुन्हा विचारी. आक्काला राग येई. "याले सांगा ना बाई, टाकीमागचा म्हणजे टाकीमागचाच." मी समजूत घाली, एकदा तिची, एकदा मशीनची. कधी कधी दोघांचाही मला सारखाच कंटाळा येई. पण वही हळूहळू ॲपमध्ये गेली. गाववार, घरवार, आणि प्रत्येक घराखाली त्या घरच्या लेकी कोणकोणत्या गावी दिल्यात तेही.

एक दिवस ए.आय.नं विचारलं, निरोप कोणत्या क्रमानं पाठवायचा? आक्का क्षणभरही थांबली नाही. "ज्याचं माणूस, त्याले पहिले. मग भाऊबंद. मग गाव." मी कौतुकानं मान हलवली. याला म्हणतात सरळ सांगणं. मी बाकीच्या बायकांना हाक मारून ते ऐकवलं सुद्धा.

मग तिचं ॲप सुरू झालं. एक बारसं, एक साखरपुडा, पाण्याच्या टँकरची बैठक, असे तीन-चार निरोप गेले. कोणी वाचलं त्याच्यापुढे निळी खूण यायची. ते मी मुद्दाम करायला लावलं होतं. आक्का ओट्यावर बसून त्या खुणा मोजायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. तिच्या गुडघ्यांना आराम पडला होता आणि लोक अजून तिलाच विचारत होते. संस्थेनं तिचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. त्या आठवड्यात मला बऱ्याच दिवसांनी वाटलं की आपण काहीतरी उपयोगाचं केलं.

होळी जवळ आली होती. सकाळी अकराच्या सुमाराला मी भाकरी थापत होते तेव्हा आक्काचा फोन आला. गावाकडचा एक म्हातारा सकाळी गेला. त्याची मुलगी इकडे, कामरेजला साड्यांच्या पॅकिंगच्या युनिटमध्ये. जावई चलथाणच्या साखर कारखान्यात. "निरोप गया, बाई," आक्का म्हणाली. आवाजात थोडा अभिमान होता, तो तिनं दाबला. "सगळ्यांले एकदम गया. मंडळाची गाडी सांगितली मी. आता कामरेजला जाऊन पोरीले घेते, चलथाणला जावई उभा राहील, मग ते दोघं गाडीनं सरळ गावाले. मुलगी आल्याशिवाय उचलणार नाहीत म्हणे."

"तिला काय सांगणार?" मी सहज विचारलं.

"काय म्हणजे? बापाले बरं नाही, चल."

आमच्याकडे लेकीला बाप गेला असं कोणी सांगत नाही. ती घरच्या दारात पोचेपर्यंत बाप आजारी असतो. वाटेत तिचं काही होऊ नये, प्रवास तिला झेपावा, आणि रडायला जागा तिची हक्काची असावी, म्हणून. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मलाही कोणी शिकवलं नव्हतं. साडीच्या घडीसारखं ते हातात होतं.

मी पिठाच्या हातानंच फोनवर ॲप उघडलं. यादीत सर्वांत वर, पहिल्या क्रमांकावर, ती मुलगी होती. ज्याचं माणूस, त्याले पहिले. निरोप स्पष्ट होता, शुद्ध मराठीत होता, माझ्या वर्गात शोभेल असा होता. आपले वडील आज सकाळी वारले. तिच्या नावापुढे निळी खूण अजून आली नव्हती.

मी आक्काला पुन्हा फोन लावला. तिला समजायला वेळ लागला. "तिले कसा गया?" ती परत परत विचारत होती. "तिच्याकडे तर मी जाते ना बाई. मी तर निघालेच होते."

तिची चूक काही नव्हती. जवळच्या घरी आधी जायचं हे तिनं सांगितलं होतं. तिथं जाऊन खोटं बोलायचं हे तिनं सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक असून सुचलं नाही. मी शिकवणारी होते. मला स्वतःचा इतका संताप आला की भाकरी तव्यावर तशीच करपू दिली आणि निघाले.

गाडीत आक्का पुढे बसली होती, गुडघे आखडून. मी मागे. गाडी चालवणारा मंडळाचाच एक जण होता. आशा एकच होती. त्या युनिटमध्ये सकाळी फोन गेटवर एका पेटीत जमा करून घेतात आणि एक वाजता जेवणाच्या सुट्टीत परत देतात. एकच्या आत पोचलो तर फोन पेटीतच असेल. आक्कानं मला दोनदा विचारलं, मशीनला सांगून निरोप मागे घेता येईल का? नव्हता येत. मागे घ्यायचं बटण आम्ही मागितलंच नव्हतं. दिलेला निरोप परत घेतात असं आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी गाडीत बसून ते करायला गेले तर ए.आय.नं मला शांतपणे चार प्रश्न विचारले, आणि हायवेला लागेपर्यंत दुसऱ्याचंही उत्तर माझ्याच्यानं धड देता येईना. मी फोन मांडीवर टाकला.

"युनिटच्या ऑफिसला फोन करू या का?" मी म्हटलं. "तिला फोन देऊ नका म्हणून ते गेटवर सांगतील."

"नको," आक्का मागे न बघता म्हणाली. "तो शेठचा माणूस. का म्हणून विचारील आणि तिच्या तोंडावर फेकील." मग थोड्या वेळानं, "पंचवीस वर्षं झाली, बाई. एका लेकीले मी रस्त्यात रडू दिलं नाही."

मला माझंच आठवत होतं. माझे वडील गेले तेव्हा मला नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. काका शाळेत मला घ्यायला आले. म्हणाले, बापूला ताप आहे, बघायला चल. मी उधना स्टेशनावर गाडी सुटायच्या आधी मोसंबी घेतली, पिशवीभर. आजाऱ्याला मोसंबी न्यायची असते. गावी पोचले, आमच्या दारासमोर बायका बसलेल्या दिसल्या, आणि पिशवी हातातून सुटली. मोसंबी अंगणभर गेली. नंतर कोणीतरी ती गोळा केली आणि शेजारच्या मुलांना वाटली, हेही मला आठवतं. मी काकांवर वर्षानुवर्षं राग धरला. मी एवढी शिकलेली असून मला मूर्ख बनवलं असं वाटायचं. वर्गात मी "सरळ सांगा" म्हणते ना, त्यातला थोडा जोर तिकडून आला असावा.

कामरेजच्या अलीकडे ट्रकांची रांग होती. मी घड्याळ बघत होते, आक्का रस्ता बघत होती. पाऊण वाजायच्या आत मी सवयीनं फोन उचलला आणि यादी उघडली. पहिल्या नावापुढची खूण निळी झाली होती.

नंतर कळलं की युनिटची लाइट गेली म्हणून त्या दिवशी सुट्टी लवकर सोडली होती. एवढंच कारण.

आक्का पुढे बसून काहीतरी पुटपुटत होती. मी नीट ऐकलं. ती तालीम करत होती. तुना बापले बरं नही शे, चाल. घाबरू नको. डॉक्टर येऊन गया. चाल. तिच्या पाठीकडे, पदराखाली वाकलेल्या मानेकडे मी बघत राहिले. सांगायला हवं होतं. सरळ, एका वाक्यात. आक्का, तिनं वाचलंय. मी फोन पालथा करून पिशवीत टाकला.

गेटवर पहारेकरी म्हणाला, "कोनुं काम छे?" आक्कानं मुलीचं नाव सांगितलं. ती गाडीतून उतरून गेटच्या खांबाला धरून उभी राहिली, कारण निरोप बसून द्यायचा नसतो. पाच मिनिटांनी मुलगी आली. पस्तिशीची असेल. तोंड नुकतंच धुतलेलं, कपाळापाशी केस ओले. डबा भरून पिशवीत ठेवलेला होता, पिशवी खांद्याला होती, चपला बदललेल्या होत्या. कामावरून दोन मिनिटं बाहेर आलेली बाई अशी येत नाही.

"काय वं आक्का, तू आठे कशी?" ती म्हणाली.

"तुना बापले बरं नही शे," आक्का म्हणाली. आवाज अगदी स्थिर होता. "गाडी आणी शे. चाल."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "जास्त शे का?"

"नही नही. डॉक्टर येऊन गया. घाबरू नको."

"बरं," मुलगी म्हणाली. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून आक्कापुढे धरली. उन्हातून आलीस, घे. आक्कानं मान हलवली. नको, आता नको. वाईट निरोप घेऊन आलेली आक्का त्या घरचं पाणी पीत नाही, हे गोडादऱ्यात पोरासोरांना माहीत आहे. मुलीनं बाटली परत पिशवीत ठेवली आणि आक्काचा दंड धरून तिला गाडीत चढवलं. आधार कोण कोणाला देत होतं ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

चलथाणला जावई अजून यायचा होता. चार रस्त्याजवळ गाडी सावलीला लावली. वाटभर मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. ती एकाएकी म्हणाली, "बापूसाठी मोसंबी घेते. त्याले आवडते." आक्कानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत सुटका होती. बघ, असं ते डोळे म्हणत होते.

मी मुलीबरोबर उतरले. हातगाडीवर तिनं एकेक मोसंबं दाबून बघितलं, वास घेतला, दोन परत ठेवली. इतकं निवडून मी कधी फळं घेतली नाहीत. पिशवी भरून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, ती हळू म्हणाली, "बाई, आक्काले सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"माझी आई गेली तेव्हाही तीच आली होती. भर पावसात. तेव्हा पाय चांगले होते तिचे." तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं. "तिला वाटू दे."

जावई आला. तो खाली मान घालून गाडीत बसला, बायकोकडे त्यानं बघितलंच नाही, आणि तिनंही त्याला काही विचारलं नाही. गाडी बारडोलीच्या रस्त्यानं गेली. गाडी वळताना खिडकीतून मोसंबीची पिशवी तिच्या मांडीवर दिसत होती.

आक्का आणि मी शेअर रिक्षानं परत निघालो. आक्का आता सैल झाली होती. तिनं माझ्याकडून पाणी मागून घेतलं आणि अर्धी बाटली रिकामी केली. "टाइमवर पोहचनूत, बाई," ती म्हणाली. "पोरले काही समजनं नही. मोसंबी लिधी तिनी, देखी ना?"

"हो आक्का," मी म्हटलं. "वेळेत पोचलो."

रिक्षात आणखी तिघे होते. कोणीतरी फोनवर गुजरातीत भांडत होतं. मी बाहेर बघत बसले, आणि काका शाळेत आले तो दिवस मला पुन्हा सगळा दिसला. हेडमास्तरांनी त्यांना चहा विचारला होता. काका म्हणाले, नको, आता नको. मी तिथंच उभी होते, हजेरीपुस्तक हातात घेऊन. काकांनी आयुष्यात चहाला नाही म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं. उधन्याला मोसंबी घेताना मला कळलेलं होतं. ती मी काकांसाठी घेतली होती. माणूस सत्तर कोस येऊन खोटं बोलत होता, त्याला एकटं कसं पाडायचं? इतकी वर्षं मी रागावलेली होते, तो राग खोटा होता का, आणि तेही मला तेव्हापासून ठाऊक होतं का, याचा निवाडा करायची ताकद त्या दुपारी माझ्यात नव्हती. बापू, मला तुमची फार आठवण आली.

तीन वाजता वर्ग होता. सुट्टी द्यावी असं वाटत होतं, पण दिली नाही. आक्काही घरी न जाता हॉलमध्ये येऊन पहिल्या खुर्चीत बसली. बायका जमल्या. सगळ्यांना निरोप मिळालेला होता, कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पलीकडे लूम चालू होते. आक्कानं फोन काढला आणि स्वतःच बोलायला लागली, की यापुढे कोणी वारलं तर त्याच्या लेकीला, त्याच्या बायकोला, त्याच्या आईला निरोप जाऊ नये. बाकी सगळ्यांना जावा.

ए.आय.नं समजून घेतलं. मग नेहमीच्या अदबीनं विचारलं, की या व्यक्ती सर्वांत जवळच्या आहेत, तर त्यांना न कळवण्याचं कारण काय, आणि त्यांना ही माहिती कशी मिळेल?

आक्कानं फोन खाली केला. "बाई, याले काय सांगू?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी काय म्हणणार ते त्यांना पाठ होतं. आक्काचा उजवा गुडघा सुजून साडीवरूनही दिसत होता.

"काही समजावू नका त्याला," मी म्हटलं. "एवढंच सांगा, तिथं मी जाते."

आक्कानं फोन तोंडाजवळ धरला आणि तसंच सांगितलं.